‘पाणी कमी पी’ म्हणणाऱ्यांना

रात्री पावणेतीनच्या सुमाराला आमच्या घरात दोन बायका जाग्या असतात. एक मी आणि दुसऱ्या माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते. रोह्यातलं आमचं घर जुनं, कौलारू. संडास आणि न्हाणी मागच्या परसात, स्वयंपाकघराच्या दारापासून अठरा पावलांवर. पावलं मोजून ठेवली आहेत, कारण माझा डावा पाय कधीही मधेच दगा देतो, आणि अंधारात अजून किती चालायचंय हे माहीत असलेलं बरं. जुलैमध्ये त्या अठरा पावलांवर शेवाळ असतं. एकदा पायरीशी मण्यार होती. मला थांबता येत नव्हतं, ती हलत नव्हती. कोण हरलं ते सांगत नाही, पण पहाटे गाऊन मी धुतला.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. निदान होऊन सात वर्षं झाली, आता मी तेहेतीस वर्षांची आहे. आमच्याकडे ‘एमएस’ म्हटलं की लोकांना एमएस-सीआयटीचा कॉम्प्युटर कोर्स आठवतो. एका मावशींनी अगदी मनापासून विचारलं होतं, “पास झालीस का मग?” मग मी आजार समजावून सांगते. तोल जातो, पायाला मुंग्या येतात, एका डोळ्याला मधे धूसर दिसत होतं, थकवा येतो. इथवर सगळे हळहळतात. रात्री पाच वेळा लघवीला उठावं लागतं, हे मी सहसा सांगत नाही. ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. आत्याने दिलं, शेजारच्या काकूंनी दिलं, मेडिकलच्या दुकानातल्या दादाने दिलं, आणि मोठ्या शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांनीही दिलं, कागदावरून मान वर न करता.

“पाणी कमी पी.”

हा लेख त्या तीन शब्दांच्या विरोधात आहे. ते प्रेमाने म्हटले जातात हे मला मान्य आहे. पण त्यांचा खरा अर्थ असतो, ‘हा विषय इथे संपव.’ आणि हा विषय असा संपत नाही. तो रोज रात्री पाच वेळा सुरू होतो.

*

आधी शरीराचं बघू. एमएसमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती आपल्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण खाते. वायरीवरचं प्लास्टिक उंदराने कुरतडावं तसं. वायर असते, पण निरोप नीट पोचत नाही. पॅरिसच्या शार्कोने १८६८ साली हा आजार स्वतंत्रपणे ओळखून मांडला. तो बहुतेकदा विशी ते चाळिशीत गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पटींनी जास्त. म्हणजे ज्या वयात लोक तुम्हाला ‘या वयात कसली गं दुखणी’ म्हणतात, नेमक्या त्या वयात.

मूत्राशयाला दोनच कामं असतात, साठवणं आणि सोडणं. रोह्याच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं. तिथून ते सोडलं की कुंडलिकेला पाणी चढतं, आणि मग कोलाडला पर्यटकांच्या राफ्ट निघतात. किती साठलं, कधी सोडायचं, कधी थांबवायचं, सगळं निरोपानिरोपीवर चालतं. मूत्राशय भरत आलं की तसाच निरोप मज्जारज्जूतून वर मेंदूत जातो. मेंदू म्हणतो, थांब, आत्ता नाही. जागा मिळाली, दार लावलं, की म्हणतो, सोड. हे निरोप जवळजवळ अख्ख्या मज्जारज्जूतून प्रवास करतात. त्यामुळे वाटेत कुठेही मायलिन खरवडलं गेलं की गोंधळ होतो. म्हणूनच एमएस असलेल्या बहुसंख्य लोकांना कधी ना कधी लघवीचा त्रास होतो. ही कुणाची सवय नाही आणि कुणाचा भित्रेपणाही नाही.

गोंधळाचे प्रकार मात्र वेगवेगळे. कधी मूत्राशयाचा स्नायू अर्धवट भरल्यावरच आवळायला लागतो, मग घाई होते. कधी तो नीट आवळतच नाही, मग लघवी आत शिल्लक राहते आणि तासाभरात पुन्हा जावं लागतं. कधी स्नायू आवळतो त्याच क्षणी खालचं तोंडही आवळलं जातं, म्हणजे पंप चालू आणि नळ बंद. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. बाई रात्री सारखी उठते, एवढंच दिसतं.

आणि चौथा प्रकार, ज्याबद्दल फारच कमी बोललं जातं. मूत्राशयाची चूक नसतेच, किडन्याच रात्री जास्त लघवी तयार करत असतात. निरोगी शरीरात झोपेच्या वेळी मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक जास्त सुटतं आणि ते किडनीला सांगतं, रात्र आहे, जरा कमी. हे गणित बिघडू शकतं. शिवाय ज्याचं चालणं कमी झालंय त्याच्या पायांत दिवसभर पाणी उतरतं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू जे पाणी वर ढकलतात, ते काम बंद पडलेलं असतं. संध्याकाळी घोट्यांवर मोज्याचा वळ उमटतो. रात्री आडवं झालं की तेच पाणी रक्तात परत येतं, आणि किडनी इमानदारीने ते बाहेर काढते. म्हणजे रात्री दोनला मी जे सोडून येते ते बऱ्याच अंशी दुपारी चारचं पाणी असतं. झोपताना घोटभर पाणी प्यायले की नाही, याचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो.

हा फरक कसा कळतो? एमआरआय लागत नाही. केकवाले वापरतात तसा मापाचा प्लास्टिकचा मग लागतो आणि एक वही. तीन दिवस, चोवीस तास, प्रत्येक वेळी किती वाजता गेलात आणि किती मिलिलिटर झाली ते लिहायचं. काय आणि किती प्यायलात तेही. रात्रीची सगळी आणि सकाळी उठल्यावरची पहिली, यांची बेरीज करायची आणि चोवीस तासांच्या एकूण बेरजेशी ताडून बघायची. तरुण माणसात रात्रीचा वाटा साधारण २० टक्क्यांच्या आत असावा लागतो, पासष्टीनंतर ३३ टक्क्यांपर्यंत चालतो. माझ्या वहीत एका दिवसाची बेरीज होती १७५० मिलि, त्यातली रात्रीची ८२०. म्हणजे जवळजवळ ४७ टक्के.

ही वही मला सहा वर्षं कुणी करायला सांगितली नव्हती.

*

आता त्या सल्ल्याकडे येते. समजा मी ऐकलं. ऐकलंच होतं, दोन वर्षं. दिवसभरात चार पेले पाणी, कोकणातल्या मे महिन्यात, अंगातून घामाच्या धारा लागलेल्या असताना.

पाणी कमी झालं की लघवी घट्ट होते. घट्ट लघवी मूत्राशयाला चुरचुरते, म्हणजे घाई वाढते. मलावरोध होतो, आणि भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, म्हणजे घाई आणखी वाढते. ज्याच्या मूत्राशयात लघवी शिल्लक राहते त्याला जंतुसंसर्ग लवकर होतो, आणि पाणी कमी असलं तर तो धोका वाढतो. एमएसमध्ये साधा मूत्रमार्गाचा संसर्गसुद्धा जुनी लक्षणं उफाळून आणतो. पाय जड होतात, नजर धूसर होते, वाटतं आजाराचा नवा झटका आला. शरीर तापलं तरी तसंच होतं. जर्मन नेत्रतज्ज्ञ उटहॉफने १८९० मध्ये हे नोंदवून ठेवलं आहे. अशा वेळी आधी लघवी न तपासता स्टेरॉइडची सलाइन लावली, तर संसर्ग आतमध्ये मोकाट सुटू शकतो. हे सगळं एका ‘पाणी कमी पी’ मधून.

मला उत्तर अर्धवट नको म्हणून दुसरी बाजूही सांगते. पाण्याचा आणि रात्रीचा संबंध आहेच. फक्त तो ‘किती’पेक्षा ‘केव्हा’चा जास्त आहे. दिवसाचं बहुतेक पाणी संध्याकाळी सहाच्या आत पिऊन घ्यायचं, नंतर तहानेपुरतं. रात्रीचा चहा सोडायचा. दुपारनंतर तासभर पाय उशीवर उंच करून पडायचं, म्हणजे पायांतलं पाणी झोपेआधीच निघून जातं. दुसऱ्या कशासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारायचं. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत. ‘पाणी कमी पी’ आणि ‘पाणी लवकर पी’ यांत एका शब्दाचा फरक आहे. पण तो एक शब्द बोलायला आधी समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं.

त्यापुढेही उपचार आहेत. मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या आहेत. त्यांतल्या काहींनी तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, डोकं जड होतं, म्हणून निवड नीट करावी लागते. त्या देण्याआधी सोनोग्राफीत लघवी किती शिल्लक राहते ते बघायला हवं, नाहीतर आधीच न सुटणारी लघवी आणखी अडते. शिल्लक जास्त असेल तर स्वच्छ कॅथेटर स्वतःच घालून मूत्राशय रिकामं करता येतं. हात साबणाने धुतलेले पुरेत, ऑपरेशन थिएटरसारखी निर्जंतुकता लागत नाही, हे अमेरिकेतले डॉ. लापिडीस यांनी १९७२ मध्ये मांडलं, आणि तेव्हापासून जगभर लोक तसं करत आले आहेत. डेस्मोप्रेसिन नावाचं औषध रात्रीची लघवी कमी करतं, पण रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीवर उतरू शकतं. म्हणून ते रक्त तपासत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं, शेजारणीच्या सांगण्यावरून नाही. मूत्राशयाच्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शनही देतात.

म्हणजे मोजता येणारा, प्रकार ओळखता येणारा, बऱ्याच अंशी कमी करता येणारा हा त्रास आहे. आणि आपण त्याला उत्तर काय देतो, तर तीन शब्द.

*

डॉक्टरांची बाजू मला कळते. बाहेर साठ माणसं बसलेली असतात. त्यांना माझी नजर वाचवायची असते, पुढचा झटका टाळायचा असतो, महागड्या औषधांपैकी मला परवडणारं कुठलं ते ठरवायचं असतं. एमआरआयवरचे पांढरे ठिपके वाढले तर ते आयुष्यभराचं नुकसान. त्यापुढे लघवी म्हणजे किरकोळच वाटणार.

पण मग ते मला विचारतात, “थकवा कसा आहे?” मी म्हणते, खूप. ते व्हिटॅमिन लिहून देतात. एमएसमध्ये थकवा आजारानेही येतो हे खरं. पण जी बाई रात्री पाचदा उठते, जिची सलग झोप दीड तासाची आहे, तिच्या थकव्यातला किती वाटा आजाराचा आणि किती जागरणाचा, हे न विचारता कसं कळणार? रात्री पडून मनगट मोडलं तर ते अस्थिरोगतज्ज्ञाच्या कागदावर ‘पडल्यामुळे’ म्हणून लिहिलं जातं. कशासाठी उठली होती, ते कुठेच लिहिलं जात नाही. एमआरआयला हजारो रुपये लागतात. ‘रात्री किती वेळा उठता?’ या प्रश्नाला काही सेकंद लागतात. ज्यांच्याकडे साठ पेशंटसाठी वेळ नाही, त्यांनीच तर हा प्रश्न आधी विचारायला हवा.

आणि मी का नाही सांगितलं? कारण आपल्याकडे त्यासाठी शब्दच धड नाहीत. शाळेत आपण करंगळी वर करायचो. बाई मान हलवायच्या, आपण पळायचो. तेव्हापासून आजवर आपण करंगळीच वर करतो आहोत. लहान मुलाची ‘शू’, कागदावरची ‘लघुशंका’, पाहुण्यांत ‘जरा बाथरूमला’, आणि जो सरळ शब्द आहे तो शिवीत टाकलेला. मी त्या मोठ्या डॉक्टरांना, सोबत नवरा आणि दोन शिकाऊ डॉक्टर उभे असताना, म्हणाले होते, “रात्री जरा जावं लागतं.” ‘जरा’ म्हणजे पाच वेळा, हे त्यांना कसं कळावं? त्या दिवशी चूक निम्मी माझीही होती. आता मी आकडा सांगते. आकड्याला लाज नसते.

*

लाज फक्त घरात नाही, ती रस्त्यावर आणि कागदांवरही आहे. मुंबईत २०११ च्या सुमाराला ‘राइट टू पी’ चळवळ सुरू झाली, कारण पुरुषांना मुतारी फुकट होती आणि बायकांना पैसे मोजावे लागत होते. त्या बायकांनी तो शब्द जाहीर उच्चारला, हे त्यांचं मोठं काम. मला तपासणीसाठी शंभराहून जास्त किलोमीटर जावं लागतं. त्याच्या आदल्या संध्याकाळपासून मी पाण्याला शिवत नाही, कारण वाटेत कुठे थांबता येईल याचा भरवसा नाही. आणि जिथे थांबता येतं तिथे ओल्या फरशीवरची भारतीय बैठक असते, धरायला काही नाही. ज्याचे पाय कडक होतात त्याने खाली बसायचं कसं आणि बसलं तर उठायचं कसं? गेल्या दशकात आपण गावोगाव शौचालयं मोजली. रात्री तीन वाजता, एका पायावर, त्यात कोण जाऊ शकेल याची मोजणी झाली नाही.

कायदा आमच्या बाजूने आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते एकवीस झाले, आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे. मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते आहे. तरी मी दाखल्यासाठी गेले तेव्हा मला सरळ रेषेत चालायला लावलं, पाय उचलायला लावला, बोटाने नाक शिवायला लावलं. सकाळचे अकरा वाजले होते आणि मी बरी चालले. माझं अपंगत्व त्या वेळी घरी झोपलं होतं. ते रात्री पावणेतीनला उठतं.

*

अखेर एका तरुण डॉक्टरबाईंनी वही करायला सांगितली. वही बघून पायांची सूज तपासली, सोनोग्राफी केली. लघवी करून आल्यावरही आत १४० मिलि शिल्लक होती. म्हणजे माझ्याकडे एक नाही, दोन कारणं होती, रात्री जास्त तयार होणं आणि पूर्ण रिकामं न होणं. आता मी दुपारी पाय उंच करून पडते, पाणी सहाच्या आत संपवते आणि झोपताना कॅथेटरने मूत्राशय रिकामं करते. पहिले दोन आठवडे आरसा, विजेरी आणि रडणं यांत गेले, मग हात बसला. पाचाचे दोन झाले. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आली, म्हणून अठरा पावलं आता पावसाळ्यात लागत नाहीत. आजार बरा झालेला नाही, होणारही नाही. पण मी सलग चार तास झोपते. सात वर्षांत एवढं काम कुठल्याच औषधाने केलं नव्हतं.

आणि आई. इतकी वर्षं मला वाटायचं, त्या माझ्या काळजीने जाग्या होतात. दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते, तेव्हा अख्खं रोहं जागं असतं. गेल्या वर्षी त्या रात्री त्या हसून म्हणाल्या, “आज आपल्याला सोबत आहे गं सगळ्या गावाची.” मला तेव्हा कळलं, आपल्याला म्हणजे काय. मी माझा मग त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वही नको म्हटलं, दुधाचा हिशेब लिहितात त्याच कॅलेंडरच्या चौकोनांत पेन्सिलीने आकडे लिहिले. रात्री पाच वेळा, दर वेळी साठ-सत्तर मिलि. माझ्याहून अगदी वेगळे. खूप विचारल्यावर म्हणाल्या, तिसऱ्या बाळंतपणापासून अंग बाहेर येतं. माझा नवरा त्यांचं तिसरं मूल आहे. तो छत्तीस वर्षांचा आहे.

छत्तीस वर्षं. त्यावर व्यायाम आहे, आत बसवायची रिंग आहे, शस्त्रक्रिया आहे. पण त्यांनी एकदाच, फार पूर्वी, थोरल्या जाऊबाईंना सांगितलं होतं. जाऊबाई म्हणाल्या होत्या, रात्रीचं पाणी कमी पीत जा.

तुमच्या घरात रात्री कोण उठतं, ते आज ऐका. दाराची कडी वाजेल, दिव्याचं बटण वाजेल, चपला घासत जातील. मोजा. सकाळी चहाच्या वेळी त्या माणसाला आकडा विचारा, आणि तो जे सांगेल ते ऐकून घ्या. सल्ला देऊ नका. मापाचा मग आणून द्या.

आईंना पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली आहे. कॅलेंडरचं पान त्या सोबत नेणार आहेत, दुधाच्या हिशेबासकट.